राजाची वही: सांध्यांना कायम औषध लागणाऱ्या एका घोड्याची विक्री

मे २०२४ मध्ये आमच्या पागेतून एक घोडा विकला गेला. बारा वर्षांचा कुमाईत (लालसर तपकिरी) थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीचा, खच्ची केलेला, सोळा हँड उंचीचा (एक हँड म्हणजे चार इंच), रेसकोर्सवरून निवृत्त होऊन शो जंपिंगमध्ये, म्हणजे अडथळ्यांवरून उड्यांच्या स्पर्धेत आलेला. मागच्या दोन्ही पायांच्या हॉक या सांध्यात त्याला आठ-दहा महिन्यांनी इंजेक्शन लागतं. विकणारं कुटुंब नाशिकच्या गंगापूर रोडवरचं, घेणारे दिंडोरी तालुक्यातले द्राक्ष बागायतदार, आणि मध्यस्थ मी. या पागेत मी मुलांना घोडेस्वारी शिकवतो, त्यामुळे हा घोडा पाच वर्षं रोज माझ्या डोळ्यांसमोर होता.

असे व्यवहार आपल्याकडे सतत होतात. घोडा उडी मारतो, निकाल चांगले असतात, आणि सांध्यांचा विषय एक तर निघतच नाही किंवा निघाला की घेणारा पाठ फिरवतो. दोन्हींत नुकसान घोड्याचं होतं. या एका व्यवहारात काय झालं, कुठे अडलं, माझी चूक कुठे झाली, हे सगळं लिहायला दोन्ही कुटुंबांनी परवानगी दिली आहे. नावं मात्र देत नाही. घोड्याला पागेत सगळे राजा म्हणायचे, तेच इथे ठेवतो. घेणाऱ्यांना गावात सगळे नाना म्हणतात, मीही तेच म्हणतो.

हॉक म्हणजे काय

घोड्याच्या मागच्या पायात मध्यावर मागे टोक काढलेला जो सांधा दिसतो, तो हॉक. बघणाऱ्याला तो उलटा गुडघा वाटतो, पण हाडांच्या हिशोबाने तो आपला घोटा आणि टाच आहे. हा एकच सांधा नाही, एकावर एक रचलेले थर आहेत. जवळजवळ सगळी वाकण्याची हालचाल वरच्या मोठ्या सांध्यात होते. खालचे दोन सांधे चपटे, जेमतेम सरकणारे. पण उडीसाठी घोडा मागचे पाय पोटाखाली घेऊन जमीन ढकलतो, तेव्हा दाब आणि पीळ या खालच्या दोन सांध्यांवरच येतो. दुसऱ्या वर्षापासून रेसचा सराव आणि नंतर जंपिंग, अशी कारकीर्द असलेल्या घोड्यांमध्ये तिथला कूर्चा झिजणं नवल नाही. जुने साईस, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, याला हड्डा म्हणतात.

या आजाराची एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. खालचे सांधे झिजत झिजत कधी कधी आपोआप जुळून जातात, हाडाला हाड चिकटतं. जुळेपर्यंत दुखतं, जुळल्यावर बहुतेकदा दुखणं थांबतं, आणि मुळात तिथे हालचालच कमी असल्यामुळे घोड्याच्या चालीत फारसा फरक पडत नाही. म्हणून एक्स-रेमध्ये सर्वांत वाईट दिसणारा सांधा हाच सर्वांत दुखणारा असेल असं नाही. हे वाक्य मी वर्षानुवर्षं मुलांना सांगत आलो होतो, आणि तरी राजाच्या बाबतीत तेच माझ्या नजरेतून सुटलं. ते पुढे येईल.

राजा सात वर्षांचा असताना २०१९ मध्ये आमच्याकडे आला. २०२१ च्या उन्हाळ्यात नालबंदाने मागच्या उजव्या पायाची जुनी नाल काढून माझ्या हातात दिली. बाकीची नाल जाडजूड, पुढचं टोक मात्र बाहेरच्या बाजूने घासून धारेसारखं झालेलं. घोडा पाऊल उचलायच्या ऐवजी ओढत होता. रेतीच्या रिंगणात त्याच्या प्रत्येक पावलामागे बोटभर रेघ उमटत होती आणि रोज सकाळी फळी फिरवून आम्हीच ती पुसत होतो. साईस चाचांनी नाल बघितली आणि म्हणाले, "हड्डा है सर." ती नाल त्यांनी तबेल्याच्या भिंतीवर खिळ्याला टांगली, खाली खडूने महिना लिहिला. तेव्हापासून मागच्या पायांची प्रत्येक उतरलेली जोडी ते तशीच टांगत गेले.

जून २०२१ मध्ये पहिल्यांदा हॉकमध्ये इंजेक्शन दिलं. केस कापून जागा पुन्हा पुन्हा धुवायची, घोड्याला गुंगी द्यायची, डॉक्टरांनी निर्जंतुक हातमोजे घालून सुई सांध्यात सरकवायची. सुईतून सांध्याच्या वंगणाचा थेंब बाहेर आला की जागा बरोबर. मग ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड आणि त्याबरोबर हायल्युरोनिक अॅसिड, म्हणजे सांध्याच्या वंगणातलाच एक घटक. दोन्ही पायांचे खालचे दोन दोन सांधे, म्हणजे चार सुया, कारण ते दोन सांधे आतून एकमेकांना जोडलेले असतीलच असं नाही. त्यानंतर विश्रांती, हाताने फिरवणं, आणि आठवड्याने हलकं काम.

औषध सांध्याची सूज उतरवतं, झिजलेला कूर्चा परत आणत नाही. धोके थोडे पण गंभीर. सांध्यात जंतू गेले तर घोडा एक-दोन दिवसांत पाय टेकेनासा होतो आणि मग तासातासाला महत्त्व असतं. काही घोड्यांना स्टेरॉइडनंतर लॅमिनायटिस (खुराच्या आतली दुखरी सूज) होण्याची भीती असते, म्हणून लठ्ठ किंवा साखरेची तक्रार असलेल्या घोड्यांबाबत डॉक्टर जास्त जपतात.

पहिल्या इंजेक्शनपासून राजाची एक वही आहे. त्यात चार नोंदी होत्या: जून २०२१, मे २०२२, फेब्रुवारी २०२३, ऑक्टोबर २०२३. मधलं अंतर अकरा महिने, मग नऊ, मग आठ.

आधी तपासणी की आधी इंजेक्शन

मालकांचा मुलगा बारावी झाला, इंजिनिअरिंगसाठी बाहेर जाणार होता. मार्च २०२४ मध्ये वडिलांनी घोडा विकायचं ठरवलं आणि किंमत सांगितली साडेसात लाख. राजा तोपर्यंत १.२० मीटर उंच अडथळ्यांचे राउंड करून आलेला, स्वभावाने शांत, नवख्या मुलाला सांभाळून घेणारा. निव्वळ उडी बघितली तर आकडा जास्त नव्हता.

इंजेक्शन होऊन तेव्हा पाच महिने झाले होते. मे उजाडेपर्यंत सात होणार होते, आणि नेमकं तेव्हाच गिऱ्हाईक बघायला येणार होतं. मालक म्हणाले, "सर, आधी इंजेक्शन देऊन टाकू, मग दाखवू. गाडी विकतानाही आपण सर्व्हिसिंग करूनच विकतो ना?"

त्यांच्या मनात खोट नव्हती, हे मी स्पष्ट लिहितो. घोडा बरा दिसावा, त्याला दुखू नये, यात वावगं काय, असा त्यांचा सरळ विचार होता. पण इंजेक्शननंतर तीन-चार आठवड्यांनी घोडा वर्षातला सर्वांत उत्तम चालतो. त्या वेळी केलेली तपासणी औषधाची असते, सांध्याची नसते. घेणाऱ्याला घोडा सर्वांत चांगल्या दिवशी दिसतो आणि सहाव्या-सातव्या महिन्यात त्याच्या घरी भलताच घोडा उभा असतो. औषधाचा जोर ओसरत आलेला असताना घोडा कसा चालतो, हीच त्याची खरी ओळख. मी म्हटलं, साहेब, आधी तपासणी, मग इंजेक्शन, आणि तेही घेणाऱ्यांच्या डॉक्टरांच्या हातून. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

माझ्या आग्रहामागे जुनी गोष्ट होती. २०१५ मध्ये एक घोडी अशाच दुखण्यासह माझ्या मध्यस्थीने विकली गेली. समोरच्याने विचारलं नाही, मी बोललो नाही. दोन वर्षांनी पंचवटीत एका वरातीत ती मला दिसली. डांबरी रस्त्यावर बँडसमोर उभी, झुली-गोंड्यांनी सजवलेली, मागचा एक पाय उचलून विश्रांती द्यायची, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. पहिल्या मालकाला दुखणं परवडलं नाही म्हणून पुढे गेली, त्यानेही पुढे दिली. दर वेळी किंमत उतरली आणि दर वेळी तिच्या पायांची माहिती मागे राहिली. त्या दिवसापासून मी विक्रीत गप्प बसत नाही.

कायदा या बाबतीत काय म्हणतो तेही इथेच सांगतो. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १७ मध्ये फसवणुकीची व्याख्या आहे आणि त्याखालची पहिली तीन उदाहरणं चक्क घोड्याच्या विक्रीची आहेत. पहिलं असं: अ ने ब ला लिलावात घोडा विकला, घोड्यात दोष आहे हे अ ला माहीत होतं, तो काही बोलला नाही. ही फसवणूक नाही. दुसऱ्यात ब ही अ ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. तिथे नात्यामुळेच सांगणं हे कर्तव्य ठरतं. तिसऱ्यात ब म्हणतो, "तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा निर्दोष आहे असं मी धरून चालेन," आणि अ गप्प राहतो. तिथे गप्प राहणं हे बोलण्याइतकंच आहे. याच्या जोडीला कलम १९ चा अपवाद वाचावा: साध्या दक्षतेने खरं कळू शकलं असतं, तर केवळ समोरचा गप्प राहिला एवढ्यावरून घेणाऱ्याला करार मोडता येत नाही. म्हणजे घेणाऱ्याने तोंड उघडून विचारलं पाहिजे, शक्यतो लेखी, आणि स्वतःचा डॉक्टर आणला पाहिजे. विकणाऱ्याला २०१५ च्या माझ्यासारखी पळवाट कायद्यात मिळते. घोड्याला मिळत नाही.

तिसऱ्या दिवशी मालकांचा फोन आला. "तुम्ही म्हणता तसं करू. पण गिऱ्हाईक गेलं तर पुढचं गिऱ्हाईकही तुम्हीच आणायचं." मी हो म्हटलं.

नाना आले

नाना मे महिन्यात आले. बागेचा माल गेलेला, हातात पैसा, आणि तेरा वर्षांची मुलगी दीड वर्ष दर शनिवार-रविवार आमच्याकडे स्वारी शिकलेली. बरोबर मेहुणे होते, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात अनेक वर्षं जाणारे. त्यांनी आधी भोवरे बघितले, मग कपाळावरचा चांद, मग दात. मी अडवलं नाही, ज्याची त्याची श्रद्धा. पण घोड्याला रिंगणात काढण्याआधीच मी नानांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं: कोणता सांधा, किती वर्षं, काय औषध, आत्ता सातवा महिना चालू आहे आणि आज तुम्हाला घोडा त्याच्या कमी चांगल्या अवस्थेत दिसेल.

नाना थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वही आहे का?"

वही दिली. ते ओसरीवर बसून पानं उलटत राहिले. निर्यातीची बाग करणाऱ्या माणसाला वही वाचायला शिकवावं लागत नाही. कोणत्या दिवशी काय फवारलं, किती मारलं, आणि माल तोडायच्या आधी कोणतं औषध किती दिवस बंद ठेवायचं, यावर त्यांचा रेसिड्यू रिपोर्ट (मालात औषधाचा किती अंश उरला त्याचा अहवाल) आणि वर्षाची कमाई ठरते. स्पर्धेच्या घोड्याचंही तसंच आहे हे सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली. स्टेरॉइड किंवा वेदनाशामक दिलं की ठराविक दिवस स्पर्धेत उतरता येत नाही, घोड्याच्या रक्त-लघवीचे नमुने घेतले जाऊ शकतात, आणि किती दिवस थांबायचं हे औषधागणिक डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं असतं. "म्हणजे तोडणीपासून उलटं मोजायचं," नाना म्हणाले. स्पर्धेची तारीख धरून मागे मोजत यायचं. बरोबर तेच.

एवढ्यात त्यांची मुलगी भिंतीवरच्या नालांसमोर उभी राहिली होती. चाचांनी तीन वर्षांच्या जोड्या ओळीने लावलेल्या, डावी डावीकडे, उजवी उजवीकडे. ती एकेक नाल अंगठ्याने चाचपत पुढे सरकत होती. शेवटाकडे थांबली आणि म्हणाली, "सर, आता डावी पातळ आहे."

मी जाऊन बघितलं. २०२१ च्या जोड्यांत उजवी नाल टोकाला झिजलेली. २०२२ च्या अखेरीपासून उजवीची झीज कमी कमी होत गेलेली. आणि गेल्या वर्षभरात डावी. वहीच्या पहिल्या पानावर मीच "उजवा मागचा" असं लिहिलं होतं आणि तीन वर्षं मी उजवाच बघत राहिलो. घोडा रोज माझ्यासमोर होता, नाला रोज माझ्यासमोर होत्या. ज्या मुलीला आधीचं काही माहीत नव्हतं तिला ते दिसलं.

तपासणी

नानांनी पुण्याहून घोड्यांचे डॉक्टर बोलावले. मालकांचे नेहमीचे डॉक्टर मी मुद्दाम सुचवले नाहीत. ते कितीही चांगले असले तरी या व्यवहारात ते एका बाजूचे. मात्र जुने एक्स-रे आणि उपचारांची नोंद त्यांनी थेट नव्या डॉक्टरांना पाठवावी, अशी मालकांकडून लेखी परवानगी घेतली. हे फार महत्त्वाचं. घोडा आज कसा आहे हे तपासणीत कळतं, तो कुठून कुठे आला हे फक्त जुन्या नोंदींतून कळतं.

सकाळी साडेसहाला, ऊन चढायच्या आत सुरुवात झाली. हृदय, डोळे, दात, खुरांना चिमटा लावून दाब. मग कठीण मुरमाच्या रस्त्यावर सरळ दुडकी. मागचा पाय एक मिनिट दुमडून धरायचा आणि सोडताच दुडकीत पळवायचं. उजवा दुमडल्यावर पहिली चार-पाच पावलं आखडली, मग साफ. डावा दुमडल्यावर रस्ता संपेपर्यंत तो लंगडत गेला. कठीण जमिनीवर लहान गोलात फिरवल्यावर डावा पुन्हा दिसला. लंगडेपणाच्या ० ते ५ च्या मोजपट्टीवर डॉक्टरांनी डाव्याला सरळ चालीत १ आणि गोलात २ दिले. स्वारासह, मऊ रेतीत, उडीवर काहीच दिसलं नाही. म्हणूनच फक्त उडी बघून घोडा घेऊ नये.

एक्स-रेमध्ये उजव्या हॉकचा एक सांधा जवळपास पूर्ण जुळलेला निघाला. फिल्मवर बघितलं तर पोटात गोळा यावा असं चित्र, आणि घोड्याला त्याचा त्रास संपत आलेला. डाव्या हॉकला सर्वांत खालच्या सांध्याच्या पुढच्या कडेला लहानसं हाड वाढलेलं, बघायला किरकोळ, पण आज दुखत होतं ते हेच.

रक्ताचा नमुनाही घेतला. फेनिलब्युटाझोनसारखी वेदनाशामकं देऊन लंगडणं झाकता येतं, म्हणून खरेदीच्या दिवशी रक्त काढून ठेवण्याची पद्धत आहे. मालकांच्या मनाला ते लागलं. मी त्यांना सांगितलं की हा नमुना तुमच्याही बाजूने साक्ष देणार आहे, उद्या कोणी बोट दाखवलं तर.

डॉक्टरांनी पास किंवा नापास असा शिक्का दिला नाही, आणि देऊही नये. त्यांनी नानांना विचारलं, "घोडा कशासाठी हवाय?" नाना म्हणाले, पोरीला ९० सेंटिमीटर ते १ मीटर, चार वर्षं. डॉक्टर म्हणाले, "त्याला माझी हरकत नाही. १.२० साठी विचारलं असतं तर नको म्हटलं असतं." वहीतलं अकरा, नऊ, आठ हे अंतर त्यांनी फार वेळ बघितलं. ते घटत होतं ही काळजीची खूण. पण त्याच तीन वर्षांत घोड्याच्या उडीची उंची १ मीटरवरून १.२० वर गेली होती. काम कमी केलं तर अंतर पुन्हा वाढू शकेल, असा त्यांचा अंदाज होता. आठचे पाच आणि पाचचे तीन महिने झाले, तर ती देखभाल राहिली नाही, तेव्हा घोड्याला उडीतून काढायचं, हेही त्यांनी लिहून दिलं.

किंमत

हिशोब आम्ही ओसरीवर बसून केला. एका वेळच्या इंजेक्शनला डॉक्टरांच्या येण्याजाण्यासह ३५ हजार. आठ महिन्यांचं अंतर धरलं तर वर्षाला दीड वेळा, म्हणजे ५२,५००. वर्षातून एकदा एक्स-रे १४ हजार. नालेचं टोक गोल करून घ्यायचं, त्याचे दर सहा आठवड्यांना हजार जास्त, वर्षाचे ९ हजार. दाण्यातून द्यायची सांध्यांची पावडर, महिन्याला साडेतीन हजार, वर्षाचे ४२ हजार. एकूण १,१७,५००, साध्या सांभाळाच्या वर.

पावडरीबद्दल नानांनी सरळ विचारलं, फरक पडतो का? तोंडावाटे दिलेल्या असल्या पावडरींचा घोड्यांवर ठोस गुण दिसल्याचे पुरावे तोकडे आहेत, आणि राजाला ती बंद असताना मला कधी वेगळं जाणवलं नव्हतं. तसं सांगितलं. नानांनी ती ओळ खोडली. राहिले ७५,५००, चार वर्षांचे ३,०२,०००.

नाना म्हणाले, साडेसातातून हे वजा करा, साडेचार देतो. मालक म्हणाले, दुखणं नसलेला १.२० चा घोडा साडेसातात मिळतो का ते दाखवा, दुखण्याचं मी आधीच धरलंय. दोघांचंही पटण्यासारखं होतं. माझं मत असं की देखभालीचा सगळा खर्च किमतीतून कापणं बरोबर नाही, कारण निरोगी घोडाही उद्या लंगडू शकतो. राजाचं निदान काय दुखतं आणि कशाने थांबतं ते माहीत आहे. आणि काहीच न कापणंही बरोबर नाही, कारण तो खर्च नक्की येणार आहे. सव्वापाच लाखांवर सौदा ठरला, जूनचं इंजेक्शन मालकांच्या खर्चाने, पण घोडा नानांच्या नावावर झाल्यावर, नानांच्या डॉक्टरांच्या हातून.

मुद्रांकावर करार केला. हॉकचं दुखणं विकणाऱ्याने सांगितलं आणि घेणाऱ्याने समजून घेतलं, ही पहिली ओळ. चारही इंजेक्शनच्या तारखा आणि औषधं. एक्स-रेच्या प्रती आणि वही घोड्याबरोबर दिली. पुढे नानांना विकायचा असेल तर आधी जुन्या मालकांना विचारायचं, आणि कोणालाही विकला तरी वही बरोबर द्यायची. उडीतून निवृत्त झाल्यावर तो कुठे राहणार तेही लिहिलं: नानांच्या मळ्यात. भारतीय अश्वारोहण महासंघाच्या पासपोर्टवरच्या (घोड्याच्या ओळखपत्रावरच्या) नावबदलाचे कागद त्याच दिवशी सह्या करून पाठवले. विम्याचं विचारलं तेव्हा आधीपासूनचं दुखणं विम्यात धरलं जात नाही हे कळलं, म्हणजे तो खर्च खिशातूनच.

राजा गेला त्या दिवशी चाचांनी भिंतीवरच्या सगळ्या नाला उतरवून पोत्यात भरल्या आणि गाडीत ठेवल्या.

पुढचं दीड वर्ष

मळ्यात राजाला पागेपेक्षा एक मोठं सुख मिळालं. दिवसभर मोकळं कुंपण. झिजलेल्या सांध्यांना खोपटात उभं राहण्याइतकं वाईट काही नाही. चालत राहिलेला घोडा सैल राहतो. अडचण होती ती जमिनीची. बागेच्या रस्त्यांवर कडक मुरूम, पावसात काळी माती पाय ओढून घेणारी. नानांनी पहिल्याच वर्षी छोट्या रिंगणात रेती टाकली. काम सुरू करण्याआधी वीस मिनिटं नुसतं चालवणं, आठवड्यातून दोनच दिवस उडी, घरी ९० सेंटिमीटरच्या वर नाही.

पहिली मोठी चूक फेब्रुवारी-मार्च २०२५ मध्ये झाली. जूनच्या इंजेक्शनला आठ महिने झाले आणि नेमकी तोडणी सुरू होती. मजूर, गाड्या, व्यापारी, यात डॉक्टरांना फोन करायचं राहिलं. मुलीला रेतीत रेघा दिसत होत्या, तिने वहीत लिहिलंही होतं. स्पर्धा बारा दिवसांवर आली तेव्हा नानांनी मला विचारलं. आता इंजेक्शन दिलं तर विश्रांती आणि औषधाचे थांबण्याचे दिवस धरून स्पर्धा सोडावी लागणार होती. मी म्हटलं, ९० सेंटिमीटरच आहे, हलकं काम करून न्या. हा सल्ला चुकीचा होता. राजा तिसऱ्या उडीसमोर थांबला, पुन्हा आणला, पुन्हा थांबला, राउंड तिथेच संपला. पाच वर्षांत तो माझ्यासमोर कधी थांबला नव्हता. मुलगी पडली नाही. पण ती रिंगणाबाहेर आली ती त्याच्या मानेवर हात ठेवून, चालत, त्याच्यावर बसून नाही.

रात्री नानांचा फोन आला. "सर, बागेत डावणी रोग दिसला असता तर रात्री दोनला ट्रॅक्टर काढला असता. पोरीने वहीत लिहून ठेवलेलं मी बघितलं नाही." मी त्यांना सांगितलं की चूक एकट्या तुमची नाही. घोड्याने पंधरा दिवस सांगितलं, मुलीने लिहिलं, आणि आम्ही दोघा मोठ्यांनी ऐकलं नाही. इंजेक्शन घोड्याला त्याच्या झेपेल तेवढ्या कामात दुखू नये म्हणून असतं. तो दुखतंय म्हणत असताना "हलकंच आहे" म्हणून उडीवर आणणं, हे मी २०१५ मध्ये केलं त्याच्या फार लांबचं नाही.

मार्चअखेर इंजेक्शन झालं. नानांनी पुढची तारीख दोन ठिकाणी लिहिली, घोड्याच्या वहीत आणि फवारणीच्या वहीत. एप्रिलमध्ये मुलीने शाळेच्या सुट्टीत नवं काम सुरू केलं: द्राक्षमण्याचा आकार मोजायला घरात जो व्हर्नियर आहे, त्याने उतरलेल्या प्रत्येक नालेचं टोक मोजायचं. नवी नाल साधारण १० मिलिमीटर. ६ च्या खाली टोक गेलं की डॉक्टरांना फोन, असं तिनेच ठरवलं आणि डॉक्टरांनी मान्य केलं.

परवा मी मळ्यावर गेलो होतो. ऑक्टोबर छाटणीच्या काड्या अजून बांधावर पडलेल्या. इंजेक्शनला आठ महिने होऊन गेले होते. वहीतलं शेवटचं पान तिच्या अक्षरात होतं: "डिसेंबर २०२५. उजवी ८.६. डावी ८.१. रेघा नाहीत. डॉक्टरकाका म्हणाले, आत्ता नको, जानेवारीत बघू."